सुमनची वेणी

हे मी नवऱ्यापाशी बोलले नाही, आणि आईपाशी तर नाहीच नाही. पोटात ठेवलं आणि वर मान करून जगले. आज तुम्हाला सांगते — पण रडका सूर लावणार नाही, तो मला जमतही नाही.

आधी माझं काम सांगते, कारण कामात मी खरी आहे. कुठं भूकंप झाला, पूर आला, वादळानं गावंच्या गावं झोपवली, की परदेशी मदतसंस्था मला आरोग्य सल्लागार म्हणून बोलावतात. बाकीचे तंबू आणि ब्लँकेटांच्या मागं असतात. मी उतरल्याबरोबर विचारते — संडास कुठं खणले? पाणी कुठून येतंय? लेकरांना गोवराची लस दिली का? ढिगाऱ्यातून वाचलेलं माणूस पुढं छावणीत हगवणीनं जाऊ नये, एवढंच माझं काम, आणि ते मला लई चांगलं येतं. एकदा एका मोठ्या साहेबाला मी चारचौघांत सुनावलं की तुमचे संडास विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत, आजच्या आज बुजवा. मुकाट्यानं बुजवले त्यांनी! मी कुणाला भीत नाही.

मग एका साध्या प्रश्नाला का भ्याले?

मी नांदेडची. शाळा, कॉलेज, भांडणं, मैत्रिणी, सगळं नांदेडचं. पण आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आईचं माहेर लातूर, म्हणून माझ्या पासपोर्टावर जन्मगाव लातूर. या कामातल्या पहिल्या मुलाखतीला समोरच्या गोऱ्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. आमच्या धंद्यात लातूर म्हटलं की भूकंप, दुसरं काही कुणाला आठवत नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, तुम्ही तिथं होता? आता त्यांना काय ठाऊक माहेरचं बाळंतपण! मी नांदेडात होते, पांघरुणात, पहाटेच्या झोपेत. तेवढंच सांगायचं होतं.

मी म्हणाले, हो.

बरं, तिथं तरी गप्प बसावं की नाही? त्या बाई थांबल्या होत्या — पुढं ऐकायला. आणि माझ्याकडं सांगायला होतं. माझं नव्हतं, सुमनचं होतं.

सुमन माझी मावसबहीण, माझ्याहून थोडी लहान. तिचं गाव औशाकडचं. त्या भूकंपात दगडामातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि माझी मावशी गेली. सुमनचे वडील आधीच वारलेले. म्हणून माझी आई तिला आमच्याकडं नांदेडला घेऊन आली. आली तेव्हा तिचे केस मानेवर वेडेवाकडे कापलेले होते. आई माझ्या डोक्याला तेल लावायला बसली की सुमन उठून अंगणात जायची. कितीतरी महिन्यांनी एका दुपारी, हौदापाशी कपडे धुताना, तिनं मला सांगितलं. ढिगाऱ्यात ती आईच्या कुशीतच होती. मावशीच्या मुठीत तिची वेणी होती. मूठ सुटेना, म्हणून तिच्या काकांनी, वडिलांच्या भावानं, वेणी कापली आणि तिला बाहेर काढलं. मावशी आतच राहिली. "ताई, कोणाला सांगू नको," म्हणाली. मी आईची शपथ घेतली. जिवंत, धडधाकट, आतून भाकरी खायला हाक मारणाऱ्या माझ्या आईची!

त्या मुलाखतीत मी ती वेणी माझी केली. मूठ माझ्या आईची केली. आई माझी आजही नांदेडात आहे, टीव्हीच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी भांडते. तिला मी एका वाक्यात मारून टाकलं. माझी जीभ रेटली कशी? रेटली. छान रेटली. नोकरी मिळाली.

मग ती गोष्ट माझ्या मागंच लागली — खोटं बोलून राहिले बघा पुन्हा — मीच तिला बरोबर घेऊन फिरले. देणगीदारांच्या जेवणात सांगितली, नव्या पोरांच्या प्रशिक्षणात सांगितली. डोंगरातल्या एका छावणीत बायका लेकरांना लस द्यायला आणेनात, तिथं दुभाष्याकडून सांगितली. बायका रडल्या, दुसऱ्या दिवशी रांग लागली. तुम्ही म्हणाल, चला, कुणाचं तरी भलं झालं. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. पण शेजारच्या छावणीत मी गोष्ट सांगितली नव्हती, आणि रांग तिथंही लागली. लस चांगली होती, माणसं शहाणी होती. गोष्टीची गरज त्यांना नव्हती, मला होती. ऐकणारे माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचे ना, ती नजर मला पाहिजे होती. नुसती हुशार बाई म्हणून कोण तसं बघतं?

कधी कधी गोष्ट सांगून बाहेर यावं आणि फोन वाजावा. आई. "जेवलीस का गं?" हाव, जेवले.

आता लातूरचं सांगते. खरं सांगायचं ते हेच आहे, मघापासून नुसती घिरट्या घालतेय.

लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात माझं भाषण ठेवलं होतं. सुमनची लेक पूजा तिथंच शिकायची. 'माझी मावशी येणार' म्हणून तिनं आख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. सुमनही औशाहून एसटीनं आली, ठेवणीतली साडी नेसून, आणि पुढच्याच ओळीत बसली. केस अजून मानेपर्यंतच. ते तिनं परत कधी वाढवले नाहीत. भाषण झालं, आणि माझी गोष्ट कुठूनतरी कानावर आलेले प्राचार्य माईकवर म्हणाले, मॅडम, तुमचा तो भूकंपातला अनुभव मुलींना सांगा.

नाही म्हणता आलं असतं. वेळ झाली, बस आहे, घसा बसलाय — काहीही! किंवा म्हणायचं होतं, तो अनुभव माझा नाही, ही समोर बसलीय तिचा आहे. मी सुमनकडं पाहिलं. ती माझ्याकडं कौतुकानं बघत होती.

मी सांगितलं. फक्त इथं जरा बदललं, कारण माझी आई जिवंत आहे हे पूजाला ठाऊक. मी म्हणाले, गणपतीला मावशीकडं गेले होते. मूठ मावशीची, वेणी माझी. बघा, किती सफाई! एका झटक्यात मी सुमनला तिच्या आईच्या कुशीतून उचललं आणि तिथं स्वतः जाऊन झोपले. तिच्या लेकीदेखत.

टाळ्या वाजल्या. पूजा धावत आली, माझ्या गळ्यात पडली. रडत होती पोर. म्हणाली, "मावशी, आमच्या आजीनं तुला वाचवलं? आई कधी बोललीच न्हाई गं!" सुमननं लेकीला कधी काही सांगितलं नव्हतं. आता काय सांगणार होती ती? खरं सांगावं तर पूजाची ही मावशी, म्हणजे मी, खोटी पडते. न सांगावं तर तिची आई मरताना दुसरीच पोरगी धरून होती. मी दोन्हीकडून तिचं तोंड बांधलं होतं, आणि पूजाच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते.

पूजा चहा आणायला गेली. मी वाट पाहिली. वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देईल. द्यावी, असंही वाटलं. सुमन पदर सारखा करत म्हणाली, "ताई, त्यात एक राहिलं."

"काय?"

"आई जित्ती होती तवा. काकाला तीच म्हणली, माझी मूठ सुटंना, येणी काप अन् पोरीला वढून काढ."

एवढंच. मग पूजा चहा घेऊन आली. सुमन तो बशीत ओतून प्यायली आणि निघाली. मला कधी हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती गोष्ट मिरवली, पण मावशी तेव्हा जिवंत होती का, हे विचारायचं एकदाही सुचलं नाही. सुमननं ते का सांगितलं? माझ्या तोंडावर मारलं, की आता सगळंच घेऊन जा म्हणाली? मी विचारलं नाही. माफी मागितली नाही. त्यानंतर आम्ही लग्नकार्यात भेटतो. ती मला वाढते, मी जेवते.

आणि पुढच्याच दौऱ्यात एका छावणीत मी गोष्ट सांगायला बसले, तेव्हा मावशीचं ते वाक्यही सांगितलं. माझ्या आईच्या तोंडी घालून. दुभाष्या मुलीला पुढं बोलवेना. ती सावरेपर्यंत मी थांबले, बाटलीतलं पाणी प्यायले, आणि ते वाक्य तिला परत एकदा सांगितलं, नीट, सावकाश, एकही शब्द गळू नये म्हणून.