छावणीत बांधलेला पडदा

बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक प्रोजेक्टर होता, घडीचा पडदा होता आणि मी केलेला, पण कुणीच न घेतलेला एक सिनेमा. ऊसतोडीला जाणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. वितरक तो बघून कौतुक करायचे, चहा पाजायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. शेवटी मैत्रिणीनं नांदूरघाटच्या विमलकाकूंचा नंबर दिला. काकू तिथल्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा. दुष्काळामुळे संस्था छावणी (जनावरांच्या चारा-पाण्याचा तात्पुरता तळ) चालवत होती. "माणसं तितंच राहत्यात. घेऊन या पिक्चर," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मांजरसुंब्याच्या पुढं डोंगर उघडेबोडके. जीपवाला प्रोजेक्टरची पेटी टपावर टाकायला निघाला, तेव्हा मी अशी ओरडले की त्यानं ती मुकाट्यानं माझ्या मांडीवर ठेवली. उतरले तेव्हा पाय कुणाचे तेच कळेना.

काकूंचा आवाज असा, की फोनचा खर्च उगाच करतात असं वाटावं. त्यांनी आधी धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापलेले) आणि दही पुढं केलं, मग कामाचं बोलल्या. संध्याकाळच्या धारा आटोपल्यावर दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पडदा बांधला. जनावरं सोडून कुणी हलेना, म्हणून लोक आपापल्या दावणीलाच बसले.

सिनेमा सुरू झाला तसं मागून कुणीतरी ओरडलं, "शिंगं आवर बे तुझ्या बैलाची, दिसंना!"

तेवढ्यात एका म्हशीनं स्पीकरची वायर चघळली आणि सिनेमा मुका झाला. मी धावाधाव करत होते, पण लोकांचं काही अडलं नाही. पडद्यावरच्या बायांचे संवाद तेच बोलायला लागले, आणि खरं सांगते, मी लिहिलेल्यापेक्षा चांगले! वायर जोडली तेव्हा मलाच जरा वाईट वाटलं.

सिनेमा संपल्यावर सुभद्रामावशी नावाच्या एका म्हातारीनं माझा हात धरला. "माझी लेक घाटनांदूरला दिलीय. तीबी तोडीला जाती. तिला दाखवा हे." दाखवते, असा शब्द मी देऊन बसले.

सकाळी पुण्याच्या वितरकाचा फोन! सिनेमा घ्यायला तयार. अट एकच: थिएटरात लागेपर्यंत कुठंही दाखवायचा नाही. ज्या फोनची इतकी वाट पाहिली तो आला होता, आणि मला आठवला मावशींना दिलेला शब्द. थोड्या वेळात कळवते म्हणाले.

काकू दूध संकलन केंद्रावर होत्या. "काहून तोंड उतरलं, ताई?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या कॅनकडं बोट केलं.

"टँकर मोठ्या डेअरीचा हाय. पण गावातल्या लेकरांचं, म्हाताऱ्यांचं दूध आमी आधी बाजूला काढतो, मंग टँकर भरतो. डेअरीवाल्यांना ते पयल्याच दिवशी सांगितलंय. तुमीबी सांगा."

मी वितरकाला सांगितलं, सगळी थिएटरं तुमची. गावातले, मैदानातले खेळ माझे. "मग राहू द्या," म्हणाला आणि फोन ठेवला. मी तिथल्याच एका उपड्या कॅनवर बसून रडले. काकूंनी समजूत वगैरे काही घातली नाही. त्यांनी घाटनांदूरच्या दूध संस्थेला फोन लावला.

दुसऱ्या संध्याकाळी त्या संस्थेच्या आवारातल्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा लागला; पडदा मी गडबडीत छावणीतच विसरले होते. मावशींची लेक सुवर्णा अगदी पुढं बसली होती. संपल्या संपल्या तिनं आईला फोन लावला. "आये, बघितला गं. ती धाकटी आपल्या शांतीआत्यावानीच चालती." मग दोघी त्या बहिणींविषयी बोलत राहिल्या, नात्यातल्या कुणाविषयी बोलावं तशा. सिनेमा करणारी बाई शेजारी उभी आहे याची सुवर्णाला आठवणही नव्हती. इतकं बरं मला आजवर कुठल्याही टाळ्यांनी वाटलेलं नाही.

परतीच्या एसटीत थिएटर गेल्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू? पण यापुढं कुणीही वितरक आला, तरी या लोकांचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि मगच सही करायची, हे पक्कं झालं होतं. तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"ताई, लोक विचारायलेत, तुमच्याकडं दुसरा पिक्चर हाय का?"

"नाही हो काकू. करायचाय अजून."

"मंग करा लवकर. तुमचा पडदा हितंच राहू द्या. आमी सोडलाच न्हाई."