बाजार बंद झाल्यावरची भांडणं

साडेतीनला शेअर बाजार बंद होतो आणि साडेतीनलाच माझा पाय शिलाई मशीनवरून आपोआप उठतो. सवय, दुसरं काय! त्या वेळेला आमच्या फोनवरच्या ग्रुपवर चाचा आणि गुरुजी भांडायला उतरायचे. ती भांडणं वाचल्याशिवाय मला पुढचा ब्लाउज सुचायचा नाही. आता पाय उठतो, मी फोन हातात घेते, आणि चार भाव वाचून परत ठेवते.

हा ग्रुप म्हणजे काही बड्या धेंडांची सभा नव्हे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका अरुंद जिन्यावर शेअर दलालाचं छोटं ऑफिस होतं. दोन बाक, भिंतीवर टीव्ही, त्यावर पळणारे भाव आणि खालच्या गाड्यावरचा चहा. नवरा गेल्यावर त्याच्या नावावरचे थोडे शेअर माझ्या नावावर करून घ्यायला मी पहिल्यांदा तिथं गेले, तर बाकांवर सगळे बाप्ये. एकजण हलेल तर शपथ! तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "अरं सरका की! ताई काय उभ्यानं कागद वाचणार व्हय?" सरकले सगळे. ते चाचा. त्या दिवसापासून बाकाचं ते टोक माझं झालं.

चाचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे करून रिटायर झालेले. आवाज मोठा, कारण आयुष्य भट्टीच्या आवाजात गेलेलं. त्यांच्या कित्येक पिढ्या कोल्हापुरातच वाढल्या. गुरुजी गडमुडशिंगीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. घरी ऊस, दोन म्हशी आणि बँकेत मुदत ठेवी. दोघांची मतं दोन टोकांच्या पक्षांना. बाकावर मात्र शेजारी बसायचे, कारण लांब बसून भांडण नीट होत नाही असं गुरुजींचं म्हणणं.

पुढं सगळ्यांच्या हातातल्या फोनवरच शेअर मिळायला लागले आणि दलालाचं ऑफिस बसलं. शटर ओढायच्या दिवशी त्यानं सगळ्यांचे नंबर घेतले आणि ग्रुप काढला. बाक भंगारात गेले, भांडण तेवढं फोनवर आलं. दलालानं नियम एकच घातला होता: बाजार चालू असताना राजकारण नाही. म्हणून दोघं साडेतीनची वाट बघत दबा धरून बसायचे.

"गुरुजी, तुमच्या सरकारनं ठेवीचं व्याज खाल्लं की."

"व्याज खाल्लं असेल, पण रस्ते केले."

"केले व्हय? मग कळंब्याला घरी येताना माझी कंबर कुठल्या रस्त्यानं मोडली?"

"कंबर वयानं मोडली. त्याला सरकार काय करणार?"

चाचांना अक्षरं दाबत बसायचा कंटाळा. ते बोलून आवाज पाठवायचे, आणि त्यात मागं कुकरची शिट्टी आणि चाचींचं "चहा निवला!" हेही आमच्यापर्यंत पोचायचं. गुरुजींचं उत्तर लेखी, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. चाचा दर महिन्याला म्युच्युअल फंडात पैसे टाकायचे आणि रोज उघडून बघायचे. त्यावर गुरुजी लिहायचे, "पेरल्यावर रोज उकरून बघता का हो? मग उगवायचं कसं?" आणि चाचा म्हणायचे, "तुमच्या ठेवीत उगवायचाच प्रश्न न्हाय, ती पुरूनच ठेवलीया!"

दुकानात मी ते आवाज मोठ्यानं लावायची आणि काजं करणाऱ्या बायका सुया धरून हसायच्या. मला जे काही पैशातलं कळतं ते ह्या भांडणातूनच कळलं. एकाचं ऐकून मी ठेव ठेवली, दुसऱ्याचं ऐकून फंड चालू केला, आणि ताईंना तुम्ही बिघडवलं म्हणून दोघं एकमेकांच्या नावानं शिमगा करायचे. काय दिवस होते! घरी आल्यावर माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्यांचं भांडण ऐकूनसुद्धा माणसाला बरं वाटतं, हे तेव्हा कळलं.

मग निवडणुकीचा निकाल लागला. गुरुजींची बाजू जिंकली. दलालाचा नियम गुंडाळून ठेवून त्यांनी सकाळपासून गुलालाची चित्रं पाठवून ग्रुप लालभडक केला. चाचांचा आवाज आला, "उधळा, उधळा! उद्या बाजार पडला तर डोळं पुसायला मी यायचा न्हाय." सगळे हसले. इथपर्यंत सगळं आमचंच होतं.

दुपारी ग्रुपातल्या एका कापड दुकानदारानं कुठून तरी आलेला मजकूर पुढं ढकलला. आता मुसलमानांनी ह्या देशात कसं राहायचं, हे शिकवणारा. त्यातले शब्द मी इथं लिहिणार नाही, मला माझा हात विटाळायचा नाही. तो मजकूर दुपारभर तसाच राहिला. साडेतीनला त्याच्याखाली कुणी बाजाराचा बंद भाव टाकला. कुणी सोन्याचा दर विचारला, कुणी सांगितला. संध्याकाळी चाचा ग्रुपमधून बाहेर पडले. त्याच्याखाली परत सोन्याचा दर.

लग्नसराई होती, मी दिवसभर कापडात बुडालेली. दिवेलागणीला फोन उघडला आणि माझं डोकं असं सणकलं म्हणता! मी लिहिलं, "दुपारपासून सगळ्यांच्या जिभेला लकवा मारलाय काय?" दुकानदार म्हणाला, "वैनी, आलं तसं पुढं पाठवलं. वाचलंबी न्हवतं." मी म्हटलं, "शेअर घेताना बरा चारदा वाचतोस!" दलालानं घाईघाईनं तो मजकूर पुसला आणि हात जोडलेली चित्रं टाकली. ज्याला हात जोडायचे तो माणूस बाहेर होता, एवढं त्या शहाण्याला कळलं नाही.

मी गुरुजींना फोन लावला. "चाचांशी बोललात?"

"नाही."

"का?"

मग म्हणाले, "कुठल्या तोंडानं बोलू, ताई?"

"आहे त्याच तोंडानं बोलायचं. दुसरं कुठून आणणार?" मी म्हटलं. मला राग आलेला, पण खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त होती. चाचा गेले तर ह्या ग्रुपात भावांशिवाय काय राहणार होतं?

रविवारी गुरुजी दुकानापाशी आले. हातात काकवीची बाटली. माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि कळंब्यापर्यंत चाचांना काय सांगायचं ते पुटपुटत राहिले. चाळीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला दोन वाक्यं धड लागेनात.

चाचांनी दार उघडलं. "या पावणं, बसा."

आमच्याकडं पावणं म्हणतात अनोळखी माणसाला. गुरुजींना त्यांनी उभ्या आयुष्यात पावणं म्हटलं नव्हतं. गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसले आणि बाटली मांडीवरच धरून ठेवली. मी उगाच पंख्याचं, उन्हाचं काहीतरी बोलले. चहा आला. चाचींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या.

"चाचा," गुरुजी शेवटी म्हणाले, "मला वाटलं तुम्ही उत्तर द्याल. रोज देता की. मी वाट बघत बसलो."

"मीबी वाट बघत हुतो," चाचा म्हणाले. "तुमची. दुपारभर फोन हातातनं ठेवला न्हाय." आवाज मोठा नव्हता, त्यामुळंच ऐकवेना. "व्याजाचं इचारा, रस्त्याचं इचारा, मी बोलतो. ह्याचं उत्तर मी द्यायचं नसतंय, गुरुजी. हे तुम्ही द्यायचं असतंय."

गुरुजींनी मान खाली घातली. "चुकलं माझं," म्हणाले. पाठ केलेलं सगळं भाषण तिथंच संपलं. चाचांनी उठून त्यांच्या मांडीवरची बाटली घेतली, उजेडात धरून बघितली. "अस्सल हाय," म्हणाले.

तेवढ्यात चाची दारात आल्या. "ह्यांनी ग्रुप सोडला, पण जुनं काढून टाकलेलं न्हाय बरं का. दुपार झाली की तीच भांडणं परत लावून ऐकत्यात. एकटंच हसत्यात."

चाचांनी त्यांच्याकडं डोळे वटारले. पण गुरुजींच्या अंगात जीव आला. "मग परत या की! आत्ता दलालाला सांगतो, आत्ता घेईल तो तुम्हाला." त्यांनी फोन काढलासुद्धा. माझ्याही मनात आलं, झालं बाई, मिटलं एकदाचं.

"ठेवा त्यो फोन," चाचा म्हणाले. "मी न्हाय येत."

"अजून राग आहे?"

"राग कधीच गेला. पण आता आलो तर सगळी माझ्याशी जपून बोलतील. तुमीसुद्धा."

"छे! मी आणि जपून?"

"मग बघा की. मघाधरनं हितं बसलाईसा, चहा झाला, काकवी झाली," चाचा हसले, पण डोळे हसत नव्हते. "आमच्या पार्टीला एकदाबी शिवी घातली न्हाईसा."

गुरुजींनी तोंड उघडलं. शिवी घालायचीच म्हणून उघडलं असणार. मी वाट बघितली, चाचांनीही बघितली. ती काही आली नाही.