समुद्रावर नेलेलं घमेलं

नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि मी परदेशात जाऊन राहायचं मनावर घेतलं होतं. हसू नका. तीस वर्षं जामखेडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर नर्स म्हणून फिरले, बाळंतपणं केली, लसी टोचल्या, आणि घरी आल्यावर हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिले. अशा बाईनं म्हातारपणी समुद्र मागितला तर कुणाचं काय बिघडलं?

वेड लावलं ते माझ्या मैत्रिणीनं. ती मूळची केरळची, आमच्याच दवाखान्यात नर्स. निवृत्त झाली आणि मलेशियात पेनांगला लेकीकडे राहायला गेली. तिथून तिची पत्रं यायची. शहर समुद्राकाठचं, पण स्वस्त. तुझ्या पेन्शनीत खोली, डाळभात, औषधपाणी सगळं भागेल, कागदपत्रांचं माझा जावई बघेल. बुद्धविहार गल्लीच्या टोकाला, वंदनेला चालत जाशील. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, नळाला दिवसभर पाणी असतं. ते वाक्य मी दोनदा वाचायचे.

आमचे हे तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते, माझ्याआधीच घरी बसलेले. ऐकून म्हणाले, "तू जा. मी हितंच बरा हाय. लिंबोणीला पानी कोन घालंल?"

झालं! परसातली ती लिंबोणी यांनी आंघोळीच्या पाण्यावर वाढवलेली. आमच्याकडे घमेल्यात बसून आंघोळ करायची, अंगावरून पडलेलं पाणी त्यातच धरायचं आणि झाडाला नेऊन घालायचं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला पहिलं काय शिकवलं असेल तर हेच. पाणी मोरीत गेलं की बोलणी बसायची.

"बायकोपेक्षा लिंबोणी जड झाली होय तुम्हाला?" मी कडाडले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "आधी आपल्याकडचा समुद्र तर बघू. आठ दिस राहू. जमलं तर फुडचं." एकटीनं जायची माझी छाती नव्हती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. म्हणजे माझं पेनांग आता त्या आठ दिवसांवर लटकलेलं.

श्रीवर्धनला एका लॉजवर उतरलो. यांनी एस.टी.च्या टपावर गोणपाटात बांधून काहीतरी चढवलं होतं. खोलीत सोडून बघते तर घमेलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, समुद्रावर कुणी घमेलं आणतं का?"

"असू दे. सवय हाय."

पहिल्या संध्याकाळी लुगडं पोटरीपर्यंत खोचून मी लाटेत उभी राहिले. पाणी आलं, पाय धुऊन गेलं, परत आलं. "अहो, बघा की! न बोलावता येतंय!" मी पोरीसारखी किंचाळले. इतकी खूश मी लेकीच्या लग्नातसुद्धा नव्हते. हे लांब वाळूत बसून नुसते बघत होते.

आणि रोज सकाळी यांचं तेच. घमेल्यात आंघोळ, मग ते भरलेलं घमेलं सांभाळत जिना उतरायचा आणि अंगणातल्या माडाला पाणी घालायचं. लॉजचा मालक पोट धरून हसला. "काका, विहीर भरलेली आहे, पलीकडे समुद्र आहे. मोरीत सोडा की!" यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत घमेलं. मला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि सहाव्या दिवशी मी आशाच सोडली. ज्या माणसाचे हात पाणी सोडत नाहीत, तो गाव काय सोडणार? येणं होत नाही गं, असं मैत्रिणीला कसं लिहायचं तेच मी जुळवत बसले.

आठव्या दिवशी हे आंघोळ करून बाहेर आले ते रिकाम्या हातानं. मी न्हाणीत डोकावले. घमेलं भिंतीला पालथं टेकवलेलं.

"पाणी कुठंय?"

"मोरीत वतलं."

"सांडलं?"

"न्हाई. मुद्दाम वतलं. म्हटलं, बघावं हात होतो का."

"मग?"

"लई जड गेलं. चोरी केल्यावानी वाटलं. आईचं बोलनं कानात आलं." ते पंचानं डोकं पुसत राहिले. "मग तू लाटंत हसत हुतीस ते डोळ्याफुडं आलं. आन् वतलं समदं."

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले.

"आता रडतीस कशाला? लिंबोणी शिजारनीच्या हवाली करू. पासपोर्टचा फारम कुठं मिळतो ते इचार," असं म्हणून त्यांनी घमेलं पुसलं आणि गोणपाटात बांधायला घेतलं. ते लिंबोणीबरोबर शेजारणीला द्यायचं होतं.