हरणाऱ्या टीमसाठी बोललेला नवस

माझी बायको माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट धरून चालली होती. ती खरी नव्हती, आणि हे मी तिला तीन महिने सांगितलं नाही. लिहून काढलं तर काही उलगडेल असं वाटतं, म्हणून लिहितो आहे. अजून तरी उलगडलेलं नाही.

सुरुवात टीमपासून करावी लागेल. मी दुबईत राहतो आणि तासाभरावरच्या रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघतो. बारा वर्षांपूर्वी कंपनीनं मला दोन महिन्यांसाठी अमेरिकेत पाठवलं होतं, आमचा माल घेणाऱ्यांच्या गोदामात. तिथल्या म्हाताऱ्या स्टोअरकीपरनं एका रविवारी मला मॅचला नेलं. त्यांचा फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून, बॉल बगलेत धरून पळायचा तो. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते कळत नव्हतं. त्यांची टीम वाईट हरली. तरी एकही माणूस शेवटपर्यंत उठला नाही. बाहेर पडताना म्हातारा अगदी शांतपणे म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." शेजारचा म्हणाला, "पुढच्या वर्षी." असं म्हणत म्हणत ती सगळी गर्दी पार्किंगकडे गेली.

मला तेव्हा नियम कळत नव्हते. मुळात मी खेळांच्या मागे लागणारा माणूस नाही. क्रिकेटसुद्धा मी फायनलपुरतंच बघतो. पण दुबईला परत आलो आणि दर आठवड्याला त्या टीमचा स्कोअर बघायला लागलो. मग रेकॉर्ड झालेल्या मॅच बघायला लागलो. बारा वर्षांत त्यांनी मला आनंद दिला असे दिवस बोटांवर मोजता येतील. मी का सोडत नाही, हे मला कुणी विचारलं तर सांगता येत नाही, आणि कुणी विचारलं नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही.

आमच्याकडे मॅच असते रविवारी रात्री, आणि सोमवारी कामाला जायचं असतं. म्हणून मी रात्री झोपतो आणि सोमवारी पहाटे पाचला उठून रेकॉर्डिंग बघतो, जाहिराती आणि मधले थांबे पुढे ढकलत, म्हणजे तासाभरात संपतं. निकाल आधी कळू नये म्हणून फोनकडे बघत नाही. मुलगी झोपलेली असते, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. रोज माझ्याबरोबर गाडीतून येणारा माझा सहकारी रत्नागिरीचा, त्यालाही सक्त ताकीद दिलेली होती की गाडीत बसल्यावर आधी मला विचारायचं.

"बघून झालं?" तो विचारायचा.

"झालं."

"मग तोंडावरून कळलंच. यल्ला, चल. हेल्मेटं आहेत म्हणून निदान डोकी फुटत नाहीत त्यांची."

गेल्या वर्षी डिसेंबरात टीम सलग दहा सामने हरली होती. त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं. ते राजापूरच्या पुढे एका गावात राहतात, निवृत्त मास्तर आहेत. त्यांना कोल्हापूरला नेलं, बायपास ठरली. बायको लगेच गेली. मुलीची शाळा होती, म्हणून मी आणि ती दुबईतच, अल नहदाच्या घरी राहिलो. ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. तिथले साडेसात म्हणजे आमचे सहा.

त्या सोमवारीही मी पाचला उठून मॅच लावली. हे पहिलं सांगायचं. मी स्वतःला समजावलं होतं की एवीतेवी झोप लागणार नाहीच.

टीम चक्क पुढे होती, दोन गुणांनी. शेवटची थोडी मिनिटं उरली होती आणि सहा वाजता बायकोचा फोन आला. ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होती. बाबांना आत्ता आत नेताहेत, असं म्हणाली. आणखीही काही म्हणाली. मी "हो, हो" म्हणत होतो आणि माझे डोळे टीव्हीवर होते. समोरच्या टीमनं बॉल पार आमच्या गोलखांबांजवळ आणला होता. आता त्यांचा एक पोरगा येऊन तो बॉल लाथेनं दोन पिवळ्या खांबांच्या मधून उडवणार होता. मधून गेला की तीन गुण, आणि आम्ही अकराव्यांदा हरणार.

मी बायकोला म्हणालो, "एक मिनिट हं, बेल वाजली."

बेल वाजली नव्हती. आणि रेकॉर्डिंग थांबवता आलं असतं. रिमोट माझ्या मांडीवर होता.

फोन सोफ्यावर ठेवला आणि उभा राहिलो. आमचा देव्हारा टीव्हीच्या शेजारच्या फळीवरच आहे. त्यात आमच्या ग्रामदेवीची तसबीर आहे. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "आई, एवढं एक निभाव. एवढी वेळ सांभाळ. तुला पाच नारळांचं तोरण बांधीन."

पोरग्यानं लाथ मारली. बॉल डाव्या खांबाच्या बाहेरून गेला.

मी खाली बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फोन उचलला तर पलीकडे बायको रडत होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "तुम्ही देवाला काही मागता हे मला माहीतच नव्हतं हो."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण तिच्या वडिलांना त्याच क्षणी आत नेत होते. तिला काय सांगणार? मी म्हणालो, "सगळं नीट होईल." आणि सगळं नीट झालंही. दुपारी एकला तिचा मेसेज आला की ऑपरेशन यशस्वी.

संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांची आहे. सकाळी शाळेसाठी उठली तेव्हा तिनं दारातून मला पाहिलं होतं.

"बाबा, दॅट वॉज फॉर द मॅच, राइट?"

"हो."

"इट वॉज रेकॉर्डेड! इट वॉज ऑलरेडी ओव्हर!"

हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं. मॅच संपून पाच तास झाले होते. तो पोरगा चुकला होता, घरी गेला होता, कदाचित झोपलाही होता, आणि इकडे मी त्यानं चुकावं म्हणून देवीला साकडं घालत होतो.

"आईला सांगणार आहेस?" मी विचारलं.

"नो. यू टेल हर."

मी सांगितलं नाही. बायकोनं तर ते सासऱ्यांना आत नेतानाच सांगून टाकलं होतं. आमचं सासरे-जावई म्हणून कधी फारसं जमलेलं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, पण ते मला फोनवर हवामान विचारायचे आणि मी त्यांना औषधं विचारायचो, एवढंच. घरी आल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. "जावईबापू," म्हणाले, "मी नवस वगैरे मानत नाही. शाळेत पोरांना तसंच शिकवलं. पण माझ्यासाठी कुणीतरी बोललं, हे आत जाताना कानावर पडलं. बरं वाटलं." मग ते दर रविवारी फोन करू लागले. मी रविवारची वाट बघायचो ती बारा वर्षं एका कारणासाठी. आता रविवार आला की त्यांच्या फोनआधी मी हवामान बघून ठेवायचो, बोलणं नवसाकडे जाऊ नये म्हणून.

गाडीत मी सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो मुहैस्नाहच्या सिग्नलपर्यंत हसत होता. मग गंभीर झाला.

"तुझी मन्नत वर पोचली तेव्हा मॅच खलास झालेली," तो म्हणाला. "म्हणजे ती मोकळी होती. मग तिथे लागली, जिथे गरज होती. ऑपरेशनला."

"हे मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस?"

"मग काय! रोज तासभर तुझं तोंड बघायचंय मला."

मला ते क्षणभर पटलं. मग वाटलं, मी जे मागितलंच नाही त्याचं श्रेय घ्यायला हा रस्ता फारच सोयीचा आहे. पुन्हा वाटलं, डोळ्यांत पाणी आलं ते नक्की कशाचं होतं? फोन तर तिथंच पडला होता. त्या माणसाची छाती उघडणार होते हे मला ठाऊक होतं. "एवढी वेळ सांभाळ" हे शब्द एखाद्या मॅचसाठी कुणाच्या तोंडातून येतात का? माझ्या आले. मॅचसाठीच आले का, ते मात्र सांगता येईना.

मार्चमध्ये शिमग्याला बायको गावी निघाली. तेव्हाच तोरण बांधून नवस फेडायचं ठरलं. "तुम्ही हवेत," ती म्हणाली. मी म्हणालो, रमजान आहे, अर्धा स्टाफ कमी वेळ काम करतो, मला सुट्टी मिळणार नाही. मी सुट्टी मागितलीच नव्हती. मॅनेजरनं नक्की दिली असती.

मंगळवारी साडेनऊला तिचा व्हिडिओ कॉल आला. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. पडद्यावर देऊळ दिसलं, नारळांचं तोरण दिसलं, शाल पांघरून आमच्या गावी आलेले सासरे दिसले. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आमच्याकडे गुरव देवीपुढे सगळं मोठ्यानं सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. पण त्यानं सुरुवात करण्याआधी फोनकडे हात केला.

"नवस बोललेला माणूस त्यात हाय ना? मग काय मागितलंस ते तुझ्या तोंडानं सांग. देवीला अर्धंमुर्धं चालत नाय."

बायको हसून म्हणाली, "सांगा ना. लाजताय काय?"

मी तिच्याकडे बघून खोटं बोलू शकलो असतो. तीन महिने बोलतच होतो. पण पडद्यावर ती नव्हती, तिनं फोन देवीकडे वळवला होता.

"आई," मी म्हणालो, "मी हे सासऱ्यांसाठी मागितलं नव्हतं. अमेरिकेत एक फुटबॉलची टीम आहे. ती सारखी हरते. ती जिंकावी म्हणून मागितलं होतं."

देवळाबाहेर कुठेतरी ढोल वाजत होता.

"मग जिंकली काय?" गुरवानं विचारलं.

"जिंकली."

"मग फेडायलाच पायजे. खोळंबा कशाला?" आणि त्यानं सुरू केलं. आई महामाये, तुझं लेकरू समुद्रापलीकडे पोटासाठी गेलंय. व्हय महाराजा. त्यानं हरणाऱ्या माणसांसाठी तुझ्यापाशी मागणं केलं. व्हय महाराजा. ते तू मान्य केलंस. व्हय महाराजा. सासऱ्यांचाही आवाज त्यात होता, तो मी ओळखला. नंतर ते फोनजवळ आले. "जावईबापू, किती वर्षं हरतेय ही टीम?"

"बारा वर्षं मी बघतोय. आधीचं माहीत नाही."

"अरे देवा," ते म्हणाले आणि इतके हसले की कुणीतरी त्यांना छाती धरून बसायला सांगितलं.

बायको हसली नाही. फोन देवळाच्या कौलांकडे झाला आणि बंद पडला.

आठ दिवसांनी ती परत आली. विमानतळावरून घरी येईपर्यंत ती मुलीशी बोलली, माझ्याशी नाही. मी माफी मागितली तेव्हा "हं" म्हणाली. शनिवारी दुपारी मुलगी क्लासला गेली होती, तेव्हा ती सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "दाखवा मला. काय होतं ते."

मी मॅचची शेवटची मिनिटं लावली. या वेळी आवाज चालू ठेवून. तिनं नीट बघितलं. पोरगा चुकल्यावर कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला, तेव्हा विचारलं, "ह्याचं पुढे काय झालं?"

"काढून टाकलं त्याला."

"अगंबाई." तिनं रिमोट माझ्याकडे सरकवला. "मला नवसाचं काही वाटत नाही. बाबांनासुद्धा नाही वाटलं. पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

"मी फोनवर होते तेव्हा कुठपर्यंत आलं होतं हे?"

मी दाखवलं. बॉल गोलखांबांपासून थोडा लांब होता, घड्याळात दीड मिनिट उरलं होतं.

"इथे मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "बाबांना आत नेत होते त्याच्या आधीची. मी आणखी कुणालाच सांगितली नाही ती. तुम्ही हो हो म्हणालात. मला वाटलं तुम्ही ऐकलंत, आणि म्हणूनच देवाला हात जोडलेत. काय म्हणाले होते मी?"

मला त्या दीड मिनिटातला प्रत्येक खेळाडू कुठे उभा होता ते सांगता येतं. मी तिला म्हणालो, "आठवत नाही."

"आठवा," ती म्हणाली आणि आत कपडे घडी करायला गेली.

त्यानंतर मी तो तुकडा आवाज बंद करून पुष्कळदा लावून बघितला आहे. तेव्हा जसा बसलो होतो तसाच बसतो, मांडीवर रिमोट, कानाशी हात. काही वेळा वाटतं की तिनं वडिलांच्या हातांबद्दल काहीतरी सांगितलं होतं. मग वाटतं, हे मी आत्ता रचतोय. मी तिला विचारलं, हातांबद्दल होतं का? ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. म्हणाली, "अंदाज नको."