शनिवारची विणकाम बैठक

हातानं वस्तू करून लोकांना देणाऱ्या बायकांच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक कापडाचे उरलेसुरले तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे निदान पिशवीत कोंबून माळ्यावर टाकता येतात. किस्से मात्र कुणी नवीन माणूस चहाला आलं की आपोआप बाहेर पडतात.

आमची बैठक चौघींची. रायपूरला गुढ़ियारीत मेश्रामताईंच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी दुपारी जमतो. मेश्रामताई रेल्वेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. निर्मलाकाकू सगळ्यांत मोठ्या, माहेर वर्ध्याकडचं. रायपुरात पन्नास वर्षं काढली, पण बोली अजून तिकडचीच. वंदना पुरानी बस्तीत शाळेत शिकवते. चौथी मी, सुनीता, सरकारी ऑफिसात क्लार्क. लग्न, बारसं, रिटायरमेंट, काहीही असो, आम्ही बाजारातून गिफ्ट आणत नाही. त्यापायी काय काय झालं ते सांगते.

*

निर्मलाकाकूंनी एका हिवाळ्यात जावयासाठी स्वेटर विणलं. जावई बिलासपूरचा, घरात छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारा, स्वभावानं फार सरळ. उजवी बाही काकूंनी दिवाळीनंतर विणली. मग त्या महिनाभर वर्ध्याला गेल्या आणि परत आल्यावर डावी बाही घेतली. मधल्या काळात हात सैल पडला होता. डावी बाही चार बोटं लांब झाली. काकूंच्या ते लक्षात आलं नाही आणि आम्हाला कुणाला सांगायचं धाडस झालं नाही.

जानेवारीत जावयाच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. जावई तेच स्वेटर घालून उभा. पुढे अल्बम आला तेव्हा काकू तो उलटत होत्या. तीन-चार पानं झाली आणि त्यांचा हात थांबला.

"याचा डावा हात काहून खिशात आहे सगळीकडे?"

मुलीनं मग खरं ते सांगितलं. काकूंना फार वाईट वाटलं. त्यांनी जावयाला फोन लावला आणि स्वेटर पाठवून दे, उसवून नीट करते म्हणाल्या.

"नहीं मम्मी," जावई म्हणाला, "अब तो आदत हो गई है."

स्वेटर त्यानं परत दिलं नाही ते नाहीच. आता मे महिन्यात हाफ शर्ट घालून आला तरी त्याचा डावा हात खिशातच असतो.

*

वंदनाच्या शाळेच्या बड़ी दीदी म्हणजे मुख्याध्यापिका, कौशल्याजी. फार कडक बाई. रजेच्या अर्जात एखादी मात्रा चुकली तर लाल पेनानं गोल करून अर्ज परत पाठवायच्या. वंदनाचा एकच अर्ज तीनदा परत आला होता आणि तेवढ्यात तिचा ताप उतरून गेला होता.

त्या रिटायर झाल्या तेव्हा वंदनानं त्यांच्या घरासाठी नावाची पाटी करायचं ठरवलं. लाकडाच्या फळीवर धानाचे दाणे एक एक चिकटवून अक्षरं. चिमट्यानं दाणा उचलायचा, मैद्याच्या खळीत बुडवायचा, ठेवायचा. तीन आठवडे तिची मान वाकडी होती. नुसतं 'कौशल्या' लिहायचं, पण तिनं ते आधी डिक्शनरीत बघून घेतलं.

पाटी झाली मात्र देखणी. बड़ी दीदींनी ती चष्मा लावून पाहिली, एकही चूक सापडली नाही, तेव्हा त्या पहिल्यांदा वंदनाकडे बघून हसल्या. पाटी त्यांच्या दाराबाहेर लागली.

आता छत्तीसगढमध्ये नवं पीक आलं की धानाच्या लोंब्यांची झालर करून दाराशी टांगतात, चिमण्यांनी खावं म्हणून. हे इथल्या चिमण्यांना चांगलं माहीत आहे. ही पाटी वेगळी आहे हे त्यांना कोण सांगणार?

दोन महिन्यांनी वंदना त्यांना भेटायला गेली. दारातच ती थांबली. पहिलं अक्षर पूर्ण साफ झालं होतं. पाटीवर उरलं होतं 'शल्या'. तिला वाटलं, उलट्या पावली घरी जावं. तेवढ्यात दार उघडलं.

"देख रही हो?" बड़ी दीदी म्हणाल्या. "तीस साल मैंने बच्चों की मात्राएँ काटीं. अब चिड़ियाँ मेरी काट रही हैं."

वंदना माफी मागायला लागली. त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं, चहा दिला आणि सांगितलं की घरात आता त्या एकट्याच असतात, पण सकाळी दाराशी एवढी किलबिल असते की रेडिओ लावावा लागत नाही. निघताना म्हणाल्या, "दूसरी बना देना. और अक्षर ज़रा मोटे रखना, इनका पेट नहीं भरता."

वंदना आता दर वर्षी त्यांना नवी पाटी करून देते.

*

माझे मिस्टर रेल्वेच्या शेडमध्ये आहेत. आमच्या बैठकीबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "दोन महिने करून राहिली. बाजारात दोन मिनिटांत भेटते."

मी त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्याच जुन्या खाकी पँटची डब्याची पिशवी शिवली. आत पाण्याच्या बाटलीला वेगळा कप्पा, बाहेर कांदा-मिरचीला छोटा खिसा. पँटचा मागचा खिसा होता तसाच ठेवला, बटणासकट. त्यांनी ती आठवडाभर खुंटीवर लटकवून ठेवली. "लोक हसतील" म्हणाले.

मग एक दिवस नेहमीची पिशवी फाटली म्हणून नाइलाजानं हीच नेली. संध्याकाळी घरी आले ते हातात पाच जुन्या पँटी घेऊन. शेडमधल्या पाच जणांनी दिल्या होत्या. सगळ्यांना तशीच पिशवी पाहिजे होती.

"आणि कुणी शिवली म्हणून सांगितलं?" मी विचारलं.

"तूच शिवली म्हणून सांगितलं ना," ते म्हणाले. मग पँटी माझ्या हातात देत, "डिझाइन माझं आहे म्हटलं."

*

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी नवीन घर घेतलं तेव्हा मी क्रोशाचा टेबलक्लॉथ केला होता. पांढऱ्या सुताचा, मध्ये मोठं फूल, भोवती पानांची वेल. चार महिने लागले. वास्तुशांतीला साहेबांच्या मिसेसनी पाकीट उघडून बघितलं, "ओह, हँडमेड" म्हणाल्या आणि बाजूला ठेवलं. पुढे त्यांच्या घरी तीनदा जाणं झालं. टेबलावर काच होती, टेबलक्लॉथ नव्हता. मला लागलं. शनिवारी मेश्रामताईंकडे गेले आणि सुया खाली ठेवून म्हटलं, आता मी कुणाला काही करून देणार नाही. ताई नर्स होत्या, रडणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं ते त्यांना माहीत आहे. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

पुढच्या वर्षी मतदार यादीच्या कामाला माझी ड्यूटी बीरगांवला लागली. फॅक्टरीतल्या कामगारांची वस्ती. उन्हात घरं फिरून मी दमले होते. एका घरात बाईनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. एकच खोली, पण लखलखीत. कोपऱ्यात टीव्ही आणि टीव्हीखालच्या टेबलावर माझा टेबलक्लॉथ.

माझाच होता. वेलीचं एक पान मी चुकून उलटं विणलं होतं, ते समोरच दिसत होतं.

बोलता बोलता कळलं की ती बाई पूर्वी साहेबांकडे स्वयंपाकाला जायची. तिनं काम सोडलं तेव्हा मेमसाबनं कपाट आवरून काही सामान दिलं, त्यात हा होता. मी नुसतं "छान आहे" म्हटलं. ती उठली, टीव्हीचा कोपरा उचलून टेबलक्लॉथची कड उलटी केली आणि मला दाखवली.

"किसी ने हाथ से बनाया है, दीदी. देखो, उल्टी तरफ़ से भी एक गाँठ नहीं दिखती. मैं इस पर किसी को कप नहीं रखने देती."

चार महिन्यांत आणि त्यानंतरच्या एका वर्षात उलटी बाजू कुणी बघितली नव्हती. मी घरातल्या मतदारांची नावं लिहून घेतली, तिची सही घेतली. हा मी केलाय हे मी तिला सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा ऊन तेवढंच होतं, पण उरलेली सगळी घरं मी एका दमात केली. त्या शनिवारी सुया परत हातात घेतल्या.

*

बुद्धपौर्णिमेला विहाराला काहीतरी भेट द्यायची असं मेश्रामताईंच्या मनात होतं. त्यांनी पांढरं कमळ करायचं ठरवलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पांढरं कापड, आठ मोठ्या पाकळ्या. ताईंनी विहारातलं स्टेज मोजून आणलं आणि आम्ही चौघी कामाला लागलो. मे महिन्याच्या गर्मीत कूलरसमोर बसावं तर कापड उडायचं, कूलर बंद करावा तर घामानं कापडावर डाग पडायचे. बोटांत कामट्यांची कुसळं गेली. पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कमळ तयार झालं आणि खोली भरून गेली. पार भिंतीला टेकलं.

सगळ्या बघत उभ्या होतो. वंदना हळूच म्हणाली, "ताई, दार मोजलं होतं काय?"

दार मोजलं नव्हतं. आडवं केलं, तिरपं केलं, उभं केलं. अर्धं कमळसुद्धा दारातून जाईना. काकू म्हणाल्या, "चौकट काढा." माझं तोंड रडवेलं झालं होतं.

मेश्रामताईंनी कात्री घेतली. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पहिल्या पाकळीचे टाके कापले. मग दुसऱ्या. आठही पाकळ्या सुट्या करून भिंतीला टेकवून ठेवल्या आणि म्हणाल्या, "सकाळी एकेकीनं एकेक घ्या. तिथं जोडू."

सकाळी आम्ही पाकळ्या घेऊन निघालो. आम्ही चौघी आणि गल्लीतल्या तिघी शेजारणी. आठवी पाकळी ताईंच्या दुसऱ्या हातात होती आणि वाऱ्यानं सारखी कलत होती. कोपऱ्यावर भाजीवाली बसते, तिनं विचारलं, "कमल हे का दीदी?"

"हव," ताई म्हणाल्या.

"एक ठन मोला देवव, मैं धर लेथँव."

तिनं भाजीवर ओलं पोतं टाकलं आणि पाकळी डोक्यावर घेऊन आमच्यात सामील झाली. रस्त्यावरच्या गाड्या आमच्यासाठी थांबत होत्या. विहारात पोचून आम्ही खाली बसलो आणि पाकळ्या पुन्हा शिवल्या. लोक यायला लागले तेव्हा स्टेजवर कमळ पूर्ण फुललेलं होतं.

विहाराचं काम बघणारे म्हातारे दादा आले. त्यांनी कमळ पाहिलं, मग वळून विहाराचं दार पाहिलं. ते दार ताईंच्या दारापेक्षाही अरुंद आहे.

"मेश्रामबाई, एवढं मोठं फूल आत आणलं कसं?"

"आणलं नाही दादा," ताई म्हणाल्या. "इथंच उमललं."

*

निर्मलाकाकूंची नात पूर्वा, मुलाची मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा काकूंनी तिच्यासाठी क्रोशाची चादर करायला घेतली. लोकरीचे लहान लहान चौकोन करायचे आणि शेवटी जोडायचे. तोवर काकूंचा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण कप धरला की बशीत चहा सांडायचा. तरी त्या ऐकेनात.

"पोट्टीच्या लग्नात आजीच्या हातचं नाही, तं काय दुकानातलं देऊ?"

आठवड्यात त्या तीन-चार चौकोन करायच्या आणि शनिवारी माझ्याकडे जोडायला द्यायच्या. चौकोन कसले, कुठे टाके गळलेले, कुठे एक बाजू फुगलेली. एकाला दुसरा जुळेना. आम्ही तिघींनी ठरवलं. मेश्रामताई, वंदना आणि मी ते चौकोन घरी नेऊन उसवायचो आणि त्याच लोकरीनं पुन्हा विणायचो. काकूंना कळू द्यायचं नाही. सहा महिने हे चाललं. काकू दर शनिवारी जोडलेला भाग मांडीवर घेऊन बघायच्या, हात फिरवायच्या आणि पुढचे चौकोन द्यायच्या.

चादर पूर्ण होत आली तेव्हा मी म्हटलं, "काकू, आता बॉर्डर मी करून टाकते."

"नाही व बाई. बॉर्डर मी करीन. कोणी हात लावायचा नाही."

महिनाभर त्यांनी चादर घरीच ठेवली. लग्नाच्या आदल्या सकाळी, हळद लागण्याआधी, पूर्वाला चादर द्यायला आम्ही तिघीही गेलो होतो. घडी उलगडली. मधले चौकोन एकसारखे, सरळ, सुबक. आणि चारी बाजूंनी लाल लोकरीची बॉर्डर, कुठे आत गेलेली, कुठे बाहेर आलेली, नदीच्या काठासारखी वळत गेलेली.

पूर्वानं मधल्या चौकोनांवरून भरभर हात फिरवला. मग बॉर्डर दोन्ही हातांत धरली, गालाला लावली आणि तशीच बसून राहिली. तिचे डोळे भरले. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीच.

"आजी, ये वाला तुमने बनाया है ना?"

"हो ना, माय."

"और बाकी? बाकी किसने बनाया?"

काकूंनी मेश्रामताईंकडे पाहिलं, वंदनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाकीचं मशीनचं आहे," त्या म्हणाल्या.