भिंतीला लागलेली भिंत

सुमीबू गेल्याचं मला तिला माती देऊन दोन-तीन दिवस झाल्यावर कळलं. कुवेतमध्ये, मिरकाब मोहल्ल्यात, आम्ही एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड राहायचो. तिला शिंक आली तरी मी इकडून दुआ द्यायची... आणि आता तिचा सावत्र मुलगा बाजारात भेटला, म्हणून बातमी.

ती जावा बेटावरची. लहानपणी आईबापांबरोबर हजला आली, ते मक्केतच राहिले, पुढे एका कुवेती नाखव्याशी तिचा निकाह झाला. मी रत्नागिरीकडची, नवऱ्याच्या दुकानापायी तिथं गेलेली. तिच्या नावाला आमच्याकडचं, थोरल्या बहिणीला लावतात ते 'बू' मीच लावलं. ती तिकडच्या रीतीनं मला थोरल्याच्या नावानं 'उम्म यूसुफ' म्हणायची.

तिच्या मुलखाची एक रीत होती, स्लामतान. मूल झालं, दुखणं सरलं, कुणी प्रवासाला निघालं, की बांबूच्या टोकदार टोपलीत भात वाफवायचा, उलटा पाडून त्याचा डोंगर उभा करायचा, आणि ज्यांच्या भिंती आपल्या भिंतीला लागतात त्यांना बोलवायचं. नातलगांना नव्हे, शेजाऱ्यांना. दुआ झाली की चार घास तिथं खायचे, उरलेलं घरी न्यायचं. हे केल्याशिवाय घर बसत नाही, जागेवर रुजत नाही, असं ती म्हणायची. माझा नवरा चिडवायचा, "बू, म्हावरं आमच्या घरचं, मग डोंगर कुणाचा?" ती म्हणायची, "डोंगर माझा, काटे तुझे."

मग बलदियानं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, कोटाच्या आतली जुनी घरं पाडायला काढली. नवऱ्यामागे तिला लांबवर नवं सरकारी घर मिळालं. आम्ही भाडेकरू, आम्ही हवल्लीच्या दाटीवाटीच्या वस्तीत गेलो. तिचं घर बघायला गेले तर नळ, पंखे, सगळं होतं. पण चारी बाजूंना मोकळी जागा, नियमच तसा.

"कुणाची भिंत लागत नाही, उम्म यूसुफ. बोलावू कुणाला?"

"आम्ही येतो की."

"तुम्ही आता पाहुणे."

शेवटी तिनं शेजाऱ्याच्या कुंपणभिंतीला चिकटवून चुलीची खोली बांधून घेतली. भाताचा दिवसही ठरला. मी मदतीला गेले, तर बलदियाची माणसं दारात. त्यांचा मुकादम नरमाईनंच बोलला, "आई, हवेसाठी जागा सोडावी लागते." सुमीबूनं वाद घातला नाही. भांडी बाहेर काढली, त्यांना चहा पाजला आणि खोली पडेपर्यंत उन्हात उभी राहिली. मग टोपली माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझ्याकडे भिंती आहेत."

मी ती नेली आणि खुंटीला अडकवून ठेवली. सुमीबूचं घर काही शेवटपर्यंत बसलं नाही...

परवा तिच्या चाळिसाव्याला टोपली उतरवली. बांबू सुकून उकलला होता, डोंगर एका अंगानं ढासळला. तशीच परात घेऊन पलीकडच्या फलस्तिनी बाईचं दार वाजवलं. इतकी वर्षं भिंत एक, आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

"कशानिमित्त आहे?" तिनं विचारलं.

सुमीबूचं सगळं सांगायचं होतं. एवढंच म्हटलं, "आपली भिंत एक आहे."

टोपली परत खुंटीवर आहे. पलीकडून कुणी खिळा ठोकला की हलते.