म्हशीची खात्री

नागपूरहून निघताना पिशवीत एक साबण होता आणि एक पत्र. साबण माझ्या सासरचा, भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीचा; माझी मेहुणी शालू हिच्या बचत गटानं मोहाच्या बियांच्या तेलापासून केलेला. पत्र गटाचा साबण विकणाऱ्या पुण्याच्या दुकानाचं, माझ्या पत्त्यावर आलेलं: वेष्टनावरचं वाक्य काढा, सुरक्षिततेचा पुरावा द्या; नाहीतर दिवाळीची ऑर्डर रद्द. वाक्य असं होतं: 'आधी आमच्या म्हशीला लावून खात्री केली आहे.'

वाटेत शहापूरला तर्री-पोहे, तीस रुपये. तिखट कारध्याच्या पुलापर्यंत घशात राहतं. वैनगंगेत वाळू जास्त, पाणी कमी. साकोलीला बस बदलावी लागते. दिघोरीत लॉज नाही. मेहुणी असल्यास अडचण येत नाही.

शालूनं गटाच्या बायकांसमोर पत्र दोनदा वाचलं.

"म्हशीले नाही लावाचं, तं कोनाले लावाचं?"

"शहरात प्राण्यांवर तपासलेलं चालत नाही."

"लाखाची म्हैस हाय, भाऊजी. भरोसा नसता तं तिले लावलं असतं का?"

मी पर्याय सांगितले. प्रयोगशाळेत बशीत माणसाची कातडी वाढवतात, आधी तिच्यावर तपासतात. मग राजी असलेल्या माणसाच्या दंडावर पट्टी.

गटातल्या सर्वांत वडील कौसाबाईंनी विचारलं, "त्या कातडीले खाऊ घालतेत का?"

"हो. रोज."

"मंग म्हैसच झाली ना!"

हसणं थांबल्यावर राजी माणसाचा प्रश्न उरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाला कुणी नाही म्हणत नाही, हे मला माहीत होतं. जावयालाही नाही म्हणता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस दंडावर बांधून मी परतीच्या बसमध्ये बसलो.

भंडाऱ्याला खाज सुरू झाली. घरी पट्टी काढली, तर रुपयाएवढा लाल डाग. शालूला फोन केला.

"लय खाजते का?"

"लय."

"म्हशीले तं काही झालं नव्हतं." मग तिनं डाग केवढा ते विचारलं. "गटाले सांगतो. हा माल विकाचा नाही. त्या बशीतल्या कातडीवर पाहू द्या पहिले."

दुकानानं वेळ दिला नाही. दिवाळीची ऑर्डर गेली. नवा साबण प्रयोगशाळेत आहे. वेष्टनावर 'प्राण्यांवर चाचणी नाही' छापा, असं मी सुचवलं. "खोटं कसं लिहू? लावलं होतं ना," शालू म्हणाली.

माझा डाग आठवड्यात गेला. उरलेल्या वड्यांनी म्हशीला धुणार होते, तेही शालूनं थांबवलं. म्हशीनं आधीही तक्रार केली नव्हती. आम्ही त्यालाच खात्री म्हणत होतो.